पटावरचा साकव

माणसाला भांडल्याशिवाय राहवत नाही आणि भांडणात बसलेला मार सोसत नाही. या दोन सनातन अडचणींवर मानवजातीने आजवर जो एकमेव समाधानकारक तोडगा काढला, त्याला पटावरचं युद्ध म्हणतात. त्यात सैन्य असतं, वेढे असतात, हजारोंनी माणसं मरतात आणि संध्याकाळी सगळी डब्यात परत जातात. खऱ्या युद्धाला कधी ना कधी शेवट असतो, ही त्याची मोठीच उणीव. पटावरच्या युद्धात तीही भरून निघाली आहे.

युद्धशास्त्राचे दोन भाग पडतात, रणनीती आणि डावपेच. काय करायचं ते बसून ठरवणं म्हणजे रणनीती, आणि ठरलेलं उठून करणं म्हणजे डावपेच. संगमेश्वर तालुक्यातल्या कोंडसावळी गावचे महिपतराव यांचा ओढा पहिल्यापासून रणनीतीकडे होता. मुंबईत औषधांच्या एका गोदामात त्यांनी उभी हयात बसून नोकरी केली, मग ते गावी परतले आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले. तिथे त्यांच्या दीपेश नावाच्या भाच्याने त्यांच्या मोबाइलवर गड राखण्याचा एक खेळ घालून दिला. भाच्याचा हेतू एवढाच होता की मामाने सारखे फोन करू नयेत. पण थोर माणसांची सुरुवात अशीच कुणाच्या तरी कंटाळ्यातून होत असते.

वर्षभरात महिपतराव एका टोळीचे सरसेनापती झाले. टोळीत चाळीसेक शिपाई होते. कोणी ब्राझीलचा, कोणी तुर्कस्तानचा, एक बहुधा चिपळूणचा. त्यांतल्या एकालाही महिपतरावांनी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सैन्यात एकोपा फार होता. गडाला सात बुरूज होते, खंदकात मगरी होत्या, आणि तटबंदी अशी की तिच्यापुढे अंजनवेलच्या गोपाळगडाने मान खाली घालावी.

एकदा राजश्रीवहिनी, म्हणजे महिपतरावांच्या पत्नी, मागच्या दारातून ओरडत आल्या.

"अवो, मागचा गडगा पडलाय. डुकरं आत आलीत, बगताव काय?"

"थांब गो, हल्ला आलाय."

"मंग मी काय सांगतंय? परसात आलाय!"

महिपतरावांनी हल्ला परतवला. सातही बुरूज शाबूत राहिले. परसातले कणगरांचे कंद मात्र रानडुकरांनी मुळासकट खाल्ले, पण कणगरांचे गुण कुठल्याच खेळात धरत नाहीत.

अशा सेनापतीच्या वाट्याला खरी लढाई यावी ही नियतीची इच्छा होती, आणि गावाने ती पूर्वीच तयार करून ठेवली होती.

कोंडसावळीच्या दोन वाड्या. वरचीवाडी आणि खालचीवाडी. मधून पऱ्या वाहतो, आणि पऱ्यावर साकव आहे. साकव म्हणजे लोखंडी गर्डरवर टाकलेल्या लाकडी फळ्या. शेळी जपून जाते, माणूस शेळीच्या मागून. देऊळ वरच्यावाडीत आहे. शिमग्यात देवीची पालखी आधी वरच्यावाडीत घरोघर फिरते, मग साकवाशी येते. तिथे खांदा बदलतो आणि पुढे पालखी खालच्यावाडीची होते. वाद एवढाच की खांदा साकवाच्या कुठल्या टोकाला बदलायचा. वरच्यावाडीचं म्हणणं, खालच्यांनी साकव ओलांडून यावं, हात जोडावेत आणि पालखी उचलावी. खालच्यावाडीचं म्हणणं, वरच्यांनी ती साकवापार आणून द्यावी, मग आम्ही हात जोडू. भक्तीबद्दल दोन्ही बाजूंत मतभेद नव्हते. मतभेद साकवाच्या लांबीइतकेच होते, आणि साकव एका दमात ओलांडता येतो.

पुष्कळ शिमगे असे गेले. पालखी दर वर्षी साकवाच्या वरच्या टोकाला असलेल्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसे, दोन्ही काठांवरून एकमेकांच्या घराण्यांचा उद्धार ऐके आणि सूर्य बुडायच्या आत देवळात परत जाई. पोलिसांनी शांतता बैठका घेतल्या. प्रत्येक बैठकीत पुढची बैठक घ्यावी यावर एकमत झालं.

(महिपतरावांना आई होती. हौसाबाई. काही वर्षांपूर्वी महिपतराव लावणीच्या दिवसांत, आयुष्यात एकदाच, चिखलात उतरले आणि त्यांना लेप्टोचा ताप आला. रत्नागिरीच्या इस्पितळात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा हौसाबाईंनी घराच्या उंबऱ्यात उभं राहून देवीला नवस बोलला: लेक वाचला तर पालखी दारात आल्यावर सुनेच्या हातून तुझी ओटी भरीन, हिरवं लुगडं नेसवीन, आणि तोवर मासा तोंडात घालणार नाही. लेक वाचला. पालखी आली नाही. दारात बोललेला नवस दारातच फेडावा लागतो, त्यामुळे देवळात जाऊन काम भागत नव्हतं. कोकणातल्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांना समजावून सांगणं कठीण आहे. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की हौसाबाई रोज स्वतःच्या हाताने बांगडा तळत, लेकाच्या पानात वाढत आणि आपण पेज-लोणचं खात.)

त्या वर्षी दीपेश शिमग्याला आठ दिवस आधीच मुंबईहून आला. मुंबईत त्याची एक मंडळी आहे. कमावती, चष्मेवाली, बहुतेक अविवाहित. ती दर रविवारी कोणाच्या तरी फ्लॅटवर जमते आणि टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा पसरून परक्या देशांच्या जुन्या लढाया पुन्हा लढते. मूळ लढाई अर्ध्या दिवसात आटोपलेली असते. या मंडळींना तीच तीन रविवार पुरते, यावरून आपण किती प्रगती केली ते दिसतं. दीपेशने साकवावरची शिवीगाळ ऐकली आणि तो हसत म्हणाला, "मामा, यापेक्षा टेबलावर खेळून टाका ना एकदाचं."

हा विनोद होता. पण कोंडसावळीत विनोद गंभीरपणे घेण्याची आणि गंभीर गोष्ट हसण्यावारी नेण्याची परंपरा आहे. दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा भरली आणि ‘साकव व तत्संबंधी मानपान पटयुद्ध नियामक समिती’ स्थापन झाली. अध्यक्षस्थानी अनिल गुरुजी. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वरच्यावाडीत जन्मलेले आणि खालच्यावाडीत सासर असलेले, म्हणजे दोन्हीकडून अपमान सहन करण्याचा अनुभव असलेले. वरच्यावाडीतर्फे सेनापती म्हणून हरिश्चंद्र तात्यांची निवड झाली. ते महिपतरावांचे थोरले चुलतभाऊ आणि पालखीचे मानकरी. खालच्यावाडीतर्फे कोण, हा प्रश्नच नव्हता. महिपतराव झोपाळ्यावरून उठले. घरच्यांनाही ते नवीन होतं.

जो साकव जिंकील त्याच्या म्हणण्याप्रमाणे खांदा बदलेल, असं ठरलं. पालखी सहाणेवर बसलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी निकाल लागला पाहिजे, असंही ठरलं. नंतर जे ठरलं ते समितीने.

पंचायतीच्या हॉलमध्ये चार बाकं जोडून रणभूमी तयार झाली. गुरुजींनी जांभ्या दगडाच्या तुकड्यांचे डोंगर केले, निळ्या प्लॅस्टिकचा पऱ्या केला आणि शाळेतल्या लाकडी फूटपट्टीचा साकव. हॉलच्या खिडकीतून खरा साकव स्वच्छ दिसत होता, त्यामुळे लक्ष विचलित होतं अशी तक्रार आली. खिडकी लावून घेण्यात आली. पायदळ म्हणून ओल्या काजूबिया, घोडदळ म्हणून चिंचोके, सेनापतीला सुपारी, आणि दान टाकायला एक फासा. काजूबीच्या सालीतल्या चिकाने दोन्ही सेनापतींच्या बोटांना फोड आले. या युद्धातली नोंद झालेली शारीरिक हानी एवढीच.

नियमांपैकी काही प्रमुख नियम असे:

एक, फूटपट्टीच्या फळीवर एका वेळी एकच पलटण उभी राहील. दोन, शत्रूला दिसू नये अशी पलटण नारळाच्या करवंटीखाली झाकावी. या अवस्थेला धुकं म्हणावं, आणि धुक्यात डोकावणाऱ्याला एक वेळ चहा मिळणार नाही. तीन, सैनिक भाजून खाऊ नयेत. (हा नियम दुसऱ्या दिवशी घालावा लागला. वरच्यावाडीची राखीव पलटण रात्रीतून निम्मी झाली होती आणि हॉलच्या मागे चूल मांडल्याच्या खुणा होत्या.) चार, सेनापती मेला तरी त्याने डाव सोडून घरी जाऊ नये.

समितीने केलेल्या पाहणीनुसार त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या पुरुषांना रणनीती कळू लागली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना ती त्या निम्म्यांपेक्षा जास्त कळत होती. दुकानात, पारावर, नदीवर, जिथे चार माणसं भेटतील तिथे मातीत रेघोट्या ओढल्या जात. आघाडी, पिछाडी, रसद, बगल हे शब्द पोरांच्या तोंडी आले. काजूच्या बागा गोळा करायच्या तशाच पडून राहिल्या. खऱ्या साकवाची तिसरी फळी निखळून लोंबू लागली होती, पण पटावरच्या फूटपट्टीला दोनदा पॉलिश झालं.

लढाई सुरू झाली तेव्हा महिपतरावांच्या डोक्यात आराखडा तयार होता. त्यांनी उजवीकडे, पऱ्याच्या उताराजवळ, करवंट्यांची रांग लावली. करवंट्या रिकाम्या होत्या. शत्रूने तिकडे सैन्य हलवावं, मग आपण मधून घुसावं, असा हा कावा होता. मोबाइलवर त्यांनी या काव्याने भल्याभल्यांची राज्यं बुडवली होती.

हरिश्चंद्र तात्यांनी उजवीकडे पाहिलंच नाही. त्यांनी सगळी काजू फूटपट्टीच्या तोंडाशी रचली, वर सुपारी ठेवली आणि म्हणाले, "झाला माजा. च्या सांगा."

इथे युद्धशास्त्रातला एक मोठा सिद्धान्त महिपतरावांच्या ध्यानात आला: शत्रूला फसवायचं तर आधी त्याने लक्ष द्यावं लागतं. मोबाइलमधला शत्रू नेमून दिलेल्या वाटेने येतो, बुरुजाखाली उभा राहतो आणि वेळेवर मरतो. तो चहा पीत नाही. महिपतराव दोन दिवस करवंट्या हलवत राहिले आणि तात्या दोन दिवस चहा पीत राहिले. समितीच्या अहवालात या टप्प्याला ‘निर्णायक हालचालींचा काळ’ म्हटलं आहे.

तिसऱ्या दिवशी संकट आलं. महिपतरावांनी टाकलेला फासा बाकावरून उडाला आणि जमिनीवर पडला. त्यावर सहा होते. वरचीवाडी म्हणाली, पटाबाहेरचा फासा धरत नाहीत. खालचीवाडी म्हणाली, जमीन कोणाच्या बापाची? फाशासाठी उपसमिती नेमण्यात आली. तिने एक अख्खी दुपार खल करून असा निर्णय दिला की, जमिनीवर पडलेला फासा समिती सदस्यांना कमरेत न वाकता दिसत असेल तर धरावा. सदस्यांची वयं आणि गुडघे पाहता हा निर्णय दूरदृष्टीचा होता. सहा धरले गेले. महिपतरावांची पलटण फळीवर चढली.

(त्या दुपारी हौसाबाईंनी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं, कारण ठेवणीच्या घड्यांना वास येऊ लागला होता. महिपतराव जेवायला आले तेव्हा हौसाबाईंनी विचारलं, "येल ना रे यंदा?" महिपतराव म्हणाले, "आये, तुज्यासाठीच तर लढतंय." हे त्या क्षणी अगदी खरं होतं. हौसाबाईंनी लेकाच्या पानात आणखी एक बांगडा वाढला.)

चौथा दिवस उजाडला. दुपारी ढोल वाजू लागले. पालखी वरच्यावाडीतली घरं आटोपून सहाणेवर येऊन बसली. गुरवाने निरोप पाठवला की दिवस कलायला लागलाय, काय ते उरका. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकी लावलेली असल्याने पालखी कोणाला दिसत नव्हती, पण ढोलाने लढाईला रंग चढला हे सगळ्यांनीच कबूल केलं.

आता महिपतरावांनी आपला खरा डाव काढला. चार दिवस त्यांनी एक करवंटी डाव्या अंगाला, जांभ्याच्या डोंगरामागे विसरल्यासारखी ठेवली होती. सगळ्यांना वाटत होतं तीही रिकामी. त्यांनी ती उचलली. खाली अख्खं घोडदळ. चिंचोके उन्हात चकाकावेत तसे ट्यूबलाइटखाली चकाकले. खालच्यावाडीने आरोळी ठोकली. घोडदळ उतारावरून पऱ्यात शिरलं, तात्यांच्या पिछाडीला आलं आणि रसद तुटली. तात्यांच्या हातातला चहाचा कप प्रथमच खाली ठेवला गेला. अनिल गुरुजींनी जाहीर केलं की महिपतरावांना साकव घ्यायला दोन चाली पुरे आहेत.

(याच सुमारास हरिश्चंद्र तात्या बाकावर ओणवे होऊन महिपतरावांच्या कानाशी जे बोलले ते समितीच्या अहवालात नाही. रणनीतीच्या अभ्यासकांनी हा मजकूर सोडून पुढे गेलं तरी चालेल. तात्या म्हणाले, "महिपत, बस झाला. चल भायेर. मधल्या फळीवर खांदा बदलू. तुजी चार माणसं, माजी चार. ना तुजा टोक, ना माजा. काकीची ओटी भरून होऊंदे. तिच्या पानात मासा न्हाय, ता बगून मना बरा वाटत न्हाय." ज्यासाठी महिपतराव झोपाळ्यावरून उठले होते ते कोणी हातात आणून देत होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पटाकडे पाहिलं. "तात्या, दोन चालीच तर ऱ्हायल्यात," ते म्हणाले. "जिंकून नेतंय ना पालखी. हक्कानं नेतंय." तात्या म्हणाले, "बरा," आणि परत आपल्या जागी बसले.)

शत्रू तहाची भाषा बोलू लागला की तो संपला असं समजावं, हा युद्धशास्त्राचा पहिला धडा आहे. महिपतरावांच्या मोबाइलमध्ये शत्रू शरण येतो तेव्हा पडद्यावर दोन बटणं येतात. ‘तह’ दाबला की खेळ थांबतो, ‘धुडकावा’ दाबलं की वाजंत्री वाजते आणि तीन तारे जास्त मिळतात. महिपतरावांनी आजवर तह कधी दाबलेला नव्हता. एवढी सवय झालेला अंगठा ऐन वेळी दुसरीकडे वळेल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

पहिली चाल झाली. घोडदळाने तात्यांची सुपारी घेरली. तात्यांनी आपला फासा टाकला, पण त्यांचं मन पटावर दिसत नव्हतं. आता शेवटची चाल. चार किंवा त्याहून जास्त पडले तर साकव महिपतरावांचा. तीन किंवा कमी पडले तर घोडदळ पऱ्यात वाहून जाणार आणि चार दिवसांची सगळी रणनीती समुद्राला मिळणार. बाहेर ढोलांचा आवाज दूर जाऊ लागला होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. महिपतरावांनी फासा मुठीत घेतला, फोड आलेल्या बोटांवर फुंकर मारली, देवीचं नाव घेतलं आणि टाकला.

फासा डोंगरावर आपटला. उसळला. बाकाच्या कडेवर क्षणभर थबकला, खाली पडला, घरंगळत गेला आणि पंचायतीच्या लोखंडी कपाटाखाली शिरला.

कमरेत न वाकता तो दिसत नव्हता.

यानंतर जी चर्चा झाली ती कोंडसावळीच्या इतिहासात अपूर्व मानली जाते. फासा न दिसणं म्हणजे फासा न पडणं का? कपाट हलवलं तर फासा हलेल, मग पडलेलं दान तेच राहील का? उपसमितीचा एक सदस्य म्हणाला की आडवं झोपून पाहिलं तर त्याला वाकणं म्हणता येणार नाही. दुसरा म्हणाला की झोपणं हा वाकण्याचाच शेवट आहे. गुरुजींनी भूगोलाचा आधार घेतला. कोणी आरसा आणायला धावलं, तर आरशात उजव्याचं डावं दिसतं असा आक्षेप आला. अखेर निर्णय असा झाला की कपाटाला समितीचं सील लावावं, निकाल राखून ठेवावा आणि पाडव्याच्या सभेत सर्वांसमक्ष कपाट उचलावं. टाळ्या पडल्या. दोन्ही सेनापतींना नारळ देण्यात आले. दारं उघडली तेव्हा दिवाबत्तीची वेळ झाली होती.

(पालखी सूर्य बुडायच्या आत देवळात गेली. थांबवायला काठावर कोणी नव्हतं, दोन्ही वाड्यांतले पुरुष हॉलमध्ये होते. हौसाबाई सूप घेऊन दारापुढच्या खळ्यात उभ्या होत्या. सुपात लुगडं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ढोल पऱ्याच्या अलीकडे येतील म्हणून त्या कान देऊन होत्या. ढोल वर चढत गेले. राजश्रीवहिनींनी सूप हातातून घेतलं तेव्हा हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगा दमला असंल. त्येला बांगडा तळून ठेव.")

ही पद्धत इतकी यशस्वी ठरली की तिची कीर्ती खाडीपार गेली. त्या पावसाळ्याआधीच आजूबाजूच्या गावांतून समित्या निघाल्या. एका गावात फणसाच्या वाटणीचा तंटा पटावर आला, एका गावात विहिरीचा. आंजर्ल्याकडच्या दोन भावांनी जेटीवरच्या होडीच्या जागेसाठी सुपारीचं आरमार उभारलं. महिपतराव मार्गदर्शनाला जाऊ लागले. त्यांना शाल मिळे, श्रीफळ मिळे, जेवणात पापलेट मिळे. ‘पटयुद्धामुळे हाणामारीचे गुन्हे घटले’ असं एका वार्ताहराने छापलं, आणि ते खरंच होतं. लोकांना हाणामारीला वेळच उरला नव्हता. एकही तंटा मिटला नाही, ही गोष्टही तितकीच खरी. पण तंटा मिटला तर पट गुंडाळावा लागेल, आणि एवढा खर्च करून रंगवलेला पट कोण गुंडाळील?

महिपतरावांच्या मोबाइलमधल्या टोळीत आता साठ शिपाई आहेत. गडाला आठवा बुरूज चढला. परसातला गडगा अजून तसाच आहे.

(भाद्रपदात हौसाबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या, दोन दिवस ताप आला एवढंच. त्याआधी राजश्रीवहिनींनी पुष्कळ समजावलं की देवी काही म्हणायची नाही, मासा खा. हौसाबाई म्हणाल्या, "देवी काय म्हणंल ता माजा मी बगीन. दिलेला शब्द हाय." दहाव्याला पऱ्याच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या आईनाच्या झाडावर ओळीने बसून बघत होते. महिपतराव पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "आये, पुढच्या शिमग्याला पालखी दारात आणतंय, माजा शब्द." कावळा हलला नाही. हरिश्चंद्र तात्यांनी तेच सांगून पाहिलं, गुरुजींनी समितीच्या वतीने सांगून पाहिलं. कावळ्यांनी कुणावरच विश्वास ठेवला नाही. सुतकाच्या घरात मासा शिजत नाही, म्हणून राजश्रीवहिनी शेजारी गेल्या, तळलेला बांगडा पानावर घेऊन आल्या, पिंडाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "सासूबाय, खावा आता. नवस आमच्यावर." पान खाली टेकायच्या आत कावळा उतरला. महिपतराव तिथेच वाळूत बसले आणि लहान पोरासारखे रडले. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला, गडावर हल्ला आला होता. त्यांनी तो बंद केला. रात्री उघडून पाहिला तेव्हा एक बुरूज पडलेला होता, आणि त्यांना त्याचंही वाईट वाटलं.)

एवढं झाल्यावर कथा संपली असं म्हणायला हरकत नव्हती. पण सुजाण वाचकाला मधेच सोडणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही. वाचक मघापासून कपाटाजवळ उभा आहे. त्याने दोन्ही सैन्यं मोजली आहेत. डोंगरामागची करवंटी रिकामी नाही हा संशय त्याला आधीच आला होता. झोपून पाहणं म्हणजे वाकणं की नाही, यावर त्याचं स्वतःचं एक मत आहे. त्याच्या मनात आता एकच प्रश्न उरला आहे, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याला घास गोड लागणार नाही.

तर मग सांगून टाकतो. पाडव्याला सील तोडून कपाट उचललं. फाशावर पाच होते. साकव महिपतरावांनी जिंकला.

झालं समाधान?

हौसाबाईंचा नवस फिटला का, हे विचारणारा वाचक मात्र आम्हाला अजून भेटायचा आहे. कुणी नंतर विचारलंच तर सांगा, की तेही सगळं सांगून झालं होतं. कंसात होतं.